अडीच फुटांचं रान

बावीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आहे. व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं परागीभवन मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकते. मादी फूल लांब देठाने पाण्यावर येतं, नर फुलं सुटून तरंगत त्याच्यापर्यंत जातात, काम झालं की देठ वेटोळं घालतो आणि फूल परत पाण्याखाली. पाच गुण. आकृतीला नावं दिली नाहीत तर साडेतीन. एवढं सगळं शिकवून खरं व्हॅलिस्नेरिया मी पहिल्यांदा पाहिलं ते परभणीत, मासे विकणाऱ्या दुकानात. मेथीसारख्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. दुकानदार त्याला गवत म्हणत होता. मी त्याला शास्त्रीय नाव सांगितलं, त्याने नीट ऐकून घेतलं आणि किती जुड्या देऊ म्हणून विचारलं.

आमच्या घरात झाडांची आणखी एक सोय आहे. माझे यजमान कृषी सहायक आहेत. कापसाचं पान लांबून पाहून त्याला काय झालंय ते सांगतात, आणि पान कुणी दाखवलं नाही तरी सांगतात. म्हणजे सेलूतल्या आमच्या तीन खोल्यांत झाडाझुडपांचं जेवढं ज्ञान साठलेलं आहे तेवढं आजूबाजूच्या दहा गल्ल्यांत मिळून निघणार नाही. त्याच घरात, अडीच फुटांच्या काचेच्या टाकीत, आमच्या दोघांच्या देखत एकापाठोपाठ एक झाड मरत गेलं. मासे मात्र मजेत होते.

टाकी मी हौसेने आणली नव्हती. मला मासे आवडत नाहीत, ते तोंड उघडझाप करत बघत राहतात आणि मला वर्गात असल्यासारखं वाटतं. टाकी आणली ती घरातल्या दोन पुरुषांना एकमेकांशी बोलायला काहीतरी निमित्त मिळावं म्हणून.

एक पुरुष म्हणजे हे. दुसरे मामा, म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. हे त्यांना दादा म्हणतात. मामांचं शेत वालूरला. सासूबाई गेल्यानंतरही ते तिथे एकटेच राहायचे, स्वतः भाकरी थापायचे, आणि कुणी सेलूला चला म्हटलं की पुढच्या पिकाचं कारण सांगायचे. गेल्या साली कापूस वेचणीच्या दिवसांत ते धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाय घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. भरदुपारी पडले, दिवस कलल्यावर शेजारच्या रानातल्या बायका घराकडे निघाल्या तेव्हा सापडले. फोन सदऱ्याच्या खिशात होता आणि सदरा दहा पावलांवर लिंबाच्या फांदीला टांगलेला. त्या दुपारी मी त्यांना सात वेळा फोन केला होता. महत्त्वाचं काही नव्हतं, नव्या तुरीची डाळ कधी देता एवढंच विचारायचं होतं. ते तिथे मातीत पडून ती रिंग ऐकत होते.

ऑपरेशन परभणीला झालं आणि मामांना आम्ही सेलूला आणलं. पाय बरा झाला की वालूरला सोडू, असं सांगितलं. सांगितलं यांनी, कारण वडिलांना अशा गोष्टी मुलानेच सांगायच्या असतात. पण दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी यांना बजावलं होतं की आता त्यांना एकटं पाठवायचं नाही, शेत बटईनं द्या. यांना ते पटलं नव्हतं. पाय बरा झाला की बघू म्हणत होते. पण माझा आवाज चढला की हे गप्प बसतात, संसार त्याच्यावरच चालला आहे. शेत गावातल्याच एकाला निम्म्या वाट्याने दिलं. निर्णय माझा, तोंड यांचं. मामांना त्यातलं काहीच सांगितलं नाही.

अक्षय तृतीयेपर्यंत मामा काठी घेऊन गच्चीवर चढायला लागले. त्यांनी यांना दोनदा विचारलं, कधी निघायचं म्हणून. पहिल्यांदा यांनी ऊन लय आहे म्हटलं. दुसऱ्यांदा ऑफिसातून फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. तिसऱ्यांदा मामांनी विचारलंच नाही. त्या दिवसापासून ते यांच्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. हे घरात आले की मामा टीव्हीकडे बघायचे आणि टीव्ही बंद असला तरी बघायचे. यांनी काही विचारलं तर उत्तर मला द्यायचे. बाई, त्याला सांग, औषध घेतलं. हे समोरच बसलेले असायचे.

माझ्याशी मात्र नीट वागायचे. मी चहा दिला की ‘बस बाई’ म्हणायचे. मुलाने फसवलं आणि सून बिचारी सेवा करते, असा सगळा मामला. मीही ती बिचारी सून बरी वठवत होते. खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहात साखर बरोबर झाली का ते विचारलं. मला भीती वाटत होती. आज हे लिहिताना सोपं वाटतं.

तर जूनमध्ये टाकी आली. आठ गप्पी आणि सहा काळ्या मोली असे मासे, दोन जुड्या गवत, एक जुडी हायड्रिला, पिसासारख्या बारीक पानांची कॅबोम्बा आणि रुंद पानांचं एक रोप, ज्याला दुकानदार तलवार म्हणत होता. हॉलमध्ये मामांच्या कॉटसमोर टाकी मांडली. माझी कल्पना अशी की हे झाडांबद्दल बोलतील, मामा न राहवून दुरुस्त करतील आणि गाडं सुरू होईल. दोघेही आयुष्यभर झाडांबद्दलच बोलत आलेले आहेत, दुसरा विषय दोघांनाही येत नाही. पहिल्या संध्याकाळी हे टाकीसमोर उभे राहून बराच वेळ मुळांवर बोलले. मामांनी सगळं ऐकलं आणि मला सांगितलं की बाई, पंख्याचा आवाज यायलाय.

झाडांसोबत गोगलगायी फुकट आल्या. निमुळत्या शंखाच्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या. महिनाभरात काचेवर, वाळूत, फिल्टरच्या नळीवर सगळीकडे त्याच. मी दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला की त्या घाण खातात, चांगल्या असतात. त्याच्याकडची कुठलीच वस्तू वाईट नसते.

मग जुलैच्या मध्यावर कॅबोम्बा गेली. आधी पानं गळाली, मग देठ पारदर्शक झाले, मग हात लावला की भाजीसारखे विरघळायला लागले. पाठोपाठ हायड्रिलाचे शेंडे काळे पडले. मी चष्मा लावून बसले, वहीत नोंदी केल्या आणि यांना बोलावलं. यांनी एका नजरेत निदान केलं, प्रकाश कमी पडतो. दुसऱ्या दिवशी टाकीवर जास्तीची ट्यूब लागली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमचा हॉल लग्नाच्या मांडवासारखा उजळला. चार दिवसांत काचा हिरव्या झाल्या. शेवाळ आलं तर वाढीला पोषक वातावरण आहे, असं यांचं म्हणणं पडलं. कॅबोम्बाला ते कळवायचं राहून गेलं.

त्यानंतर खत. यांच्याकडे एकोणीस-एकोणीस-एकोणीसची अर्धी पिशवी होती. पाण्यात विरघळणारं खत आहे आणि झाडं पाण्यातच आहेत, तेव्हा फवारणीचा त्रासही वाचला, म्हणून चमचाभर टाकलं. पाणी वाटाण्याच्या रश्श्यासारखं झालं. तीन दिवस मासे दिसले नाहीत, मग गप्पींना पिल्लं झाल्याचं कळलं. हायड्रिला त्याच आठवड्यात संपली.

मग मी माझ्या मनाने केलं ते आमच्या भागातला कुठलाही माणूस करतो. तलवारीचं एक पिवळं पान ओल्या रुमालात गुंडाळलं आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर नेऊन ठेवलं. पान ठेवायचं, काही बोलायचं नाही, दुकानदार ते उजेडात धरतो, उलटं करतो आणि मागच्या फळीवरून बाटली काढतो. डॉक्टरसुद्धा याहून जास्त प्रश्न विचारतात. त्याने पान उलटं केलं, जरा घोटाळला आणि पीक कोणतं ते विचारलं. मी तलवार म्हटलं. त्याने मान हलवली, जणू पाथरीकडे सगळे हेच लावतात. किती एकर, म्हणाला. मी अडीच फूट सांगितलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. माझ्या हातून पास झालेला होता तो, चांगल्या गुणांनी. तरी सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली त्याने दिलीच, सर्वांत लहान, आणि बाईंकडून पैसे घेणार नाही म्हणाला. मी हट्टाने दिले. बाटलीतल्या औषधाने पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि तलवारीचं दुसरं पान पिवळं पडलं.

एवढं झाल्यावर माझी नजर टाकीच्या झाकणावर गेली. काचेच्या कडेला पांढरा थर जमत होता. सेलूत राहणाऱ्या माणसाला पांढऱ्या थराचं नवल नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने बादल्या, नळ, गिझर सगळं पांढरं होतं. लगेच उलगडा झाला असं वाटलं. क्षार. इतके दिवस आपण बिचाऱ्या झाडांना क्षाराचं पाणी पाजत होतो. यांना मी तासभर समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून टाकीचं पाणी बदलायला फिल्टरच्या पाण्याचे जार मागवले. आम्ही माणसं बोअरचं पाणी उकळून पीत होतो आणि सहा काळ्या मोली जारचं पाणी पीत होत्या.

याच सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात मीठ पुरत नसल्याचं माझ्या लक्षात आलं. जो पुडा दीड महिना जायचा तो आठवड्यात तळाला. यांचा रक्तदाब थोडा जास्त आहे आणि यांना ताटात वरून मीठ घ्यायची सवय आहे, तेव्हा संशयाला जागा नव्हती. मी चोरून मीठ खाण्याच्या परिणामांवर यांना चांगलं सुनावलं. यांनी शपथ घेतली. मी शपथेवर विश्वास ठेवला नाही आणि भाजीतलं मीठ निम्मं केलं. दोन आठवडे हा माणूस अळणी वरण गिळत होता आणि एका शब्दाने तक्रार करत नव्हता. मला तर ते अपराधाच्या कबुलीसारखंच वाटलं.

झाडं मरतच होती. आता फक्त गवत उरलं होतं, तेही टोकाकडून तपकिरी होत चाललेलं. जारचं पाणी घालून दोन आठवडे झाले होते आणि झाकणावरचा थर मात्र वाढला होता, जाड, खरबरीत, पाण्याच्या रेषेवरही आलेला. एका रविवारी मी तो नखाने खरवडला. फिल्टरच्या पाण्यात एवढा क्षार येतो कुठून, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. बावीस वर्षं मी मुलांना सांगत आले आहे की प्रयोगशाळेतली कुठलीही वस्तू जिभेला लावायची नाही. मी बोट जिभेला लावलं.

खारट होतं. बोअरच्या क्षारासारखं तुरट नाही, चक्क मीठ.

मी यांना काहीच बोलले नाही. बोलायला तोंड नव्हतं, दोन आठवडे अळणी जेवलेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मामा टाकीपाशी उभे होते. काठी कॉटला टेकवलेली, झाकण उचललेलं, डाव्या हातात माझा मिठाचा डबा. त्यांनी अर्धी मूठ मीठ घेतलं आणि पेरणी करताना सोडतात तसं बोटांमधून पाण्यावर सोडलं. मग वाकून काचेवरच्या गोगलगायींकडे बघत उभे राहिले.

‘मामा, हे काय करायलाव?’

ते दचकले नाहीत. डब्याचं झाकण नीट बसवलं आणि म्हणाले, ‘गोगलगाय लय झालीया. तुमा दोघांला दिसंना.’

मग माझा तोल गेला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मामांच्या पुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या पहाटे सगळं भरून काढलं. दोन आठवड्यांचे जार, ट्यूब, बाटली, यांचं अळणी जेवण, सगळं त्यांच्यावर ओतलं. या गोगलगायी मिठाला भीक घालत नाहीत, मासे मिठाच्या पाण्यात आणखी खूश होतात, मरतात ती फक्त झाडं, आणि नेमकी झाडंच मला जगवायची होती. आणि एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली. बाहेर मीठ जास्त झालं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पाण्यात उभं असून झाड तहानेने मरतं, हा परासरणाचा धडा मी त्यांना पहाटे पाच वाजता, केस मोकळे, पदर कुठेच्या कुठे, उभ्या उभ्या शिकवला.

मामांनी शेवटपर्यंत ऐकलं.

‘म्हंजी चोपण रान झालं म्हन की,’ ते म्हणाले. चोपण म्हणजे क्षार साचून पीक येईनासं झालेली जमीन.

माझ्या वर्गातल्या साठ मुलांना तीन तासिकांत जे कळत नाही ते त्यांना एका दमात कळलं होतं. त्याने माझा राग उतरायला हवा होता. तो आणखी चढला. मी म्हटलं, मग मला विचारायचं तरी, असं लपवून कशाला करायचं. घरातल्या घरात लपवाछपवी मला सहन होत नाही, असंही म्हणाले. हे वाक्य मीच बोलले, दुसऱ्या कुणी नाही.

मामा कॉटवर बसले. पाय लांब करायला त्यांना वेळ लागतो, तेवढा वेळ घेतला.

‘लपवायचं म्हनशील तर तुमी बी लपवलंच की,’ ते म्हणाले. ‘शेत बटईनं गेलंय. मला कवाच कळलंय. बटईवाला रोज सकाळी फोन करतो. सोयाबीनला गोगलगाय लागलीया, रातीतून ओळीच्या ओळी खायलीया, काय करू म्हनून इचारतो. मी हितं बसून काय सांगू? म्हनलं, हितली तरी मारावी.’

खिशातून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. यांच्या खात्याचं पत्रक होतं, सोयाबीनवरच्या गोगलगायींचा बंदोबस्त. पेरणीच्या वेळी यांनी गावांत वाटायला गठ्ठे आणले होते आणि उरलेला एक गठ्ठा कपाटावर पडला होता. त्या गठ्ठ्यातलं वरचं पत्रक मामांनी काढून घेतलं होतं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला टाका, सकाळी गोगलगायी गोळा करा, मिठाच्या पाण्यात टाकून मारा. मिठाखाली मामांनी पेन्सिलने रेघ ओढली होती. ज्या मुलाशी बोलायचं नाही त्याचा कागद ते महिनाभर खिशात घेऊन झोपत होते.

‘पोरानं एक डाव तोंडावर सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं,’ ते म्हणाले. ‘बाप जड झाला, असं का होईना, पर सांगायचं.’

इथे गप्प बसणं फार सोपं होतं. मामांनी दोष जिथे ठेवला होता तिथे तो तीन महिने चांगला बसला होता आणि मला काही त्रास नव्हता. मी उठून चहा टाकला असता तरी चाललं असतं. साखरेचं विचारलं असतं. पण त्या कागदावरची पेन्सिलची रेघ बघून मला माझीच किळस आली.

मी म्हटलं, ‘मामा, त्यांनी न्हाई ठरवलं. मी ठरवलं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत ते माझ्याकडे सरळ बघून कधी बोलले नव्हते, सुनेकडे बघत नाहीत म्हणून. मी सगळं सांगितलं. दवाखान्याचा जिना सांगितला. हे नको म्हणत होते तेही सांगितलं. मी सात वेळा फोन लावला आणि सातही वेळा चिडून ठेवला, म्हातारा मुद्दाम उचलत नाही असं मनात म्हटलं, तेही सांगितलं. त्यानंतर तुम्ही रानात एकटे आहात हा विचार मला झेपत नाही, म्हणून मी सोडलं नाही तुम्हाला. तुमच्यासाठी केलं असं म्हणणार नाही, माझ्यासाठीच केलं. बोलता बोलता मी रडायला लागले होते, आणि मी रडताना बोललेलं कुणाला कळत नाही, तरी मामांना कळलं.

‘सातच येळा वाजला,’ ते म्हणाले. ‘मी मोजत व्हतो. वाजायचा बंद झाला तवा भ्या वाटलं.’

माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी त्याची घडी घातली आणि परत खिशात ठेवला.

‘तीन म्हैने मी त्याच्यासंगं बोललो न्हाई, बाई.’

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, उत्तरं मला सुचतात. मी एवढंच म्हटलं की रविवारी आपण तिघं वालूरला जाऊ, रान बघू. मामा म्हणाले, जाऊन येऊ. मी ते ‘येऊ’ ऐकलं. पण आनंद व्हायला मी त्या वेळी लायक नव्हते.

त्या दिवशी मी रजा टाकली. टाकीतलं चारपैकी तीन हिस्से पाणी काढलं आणि हळूहळू बोअरचं घातलं. मामा कॉटवरून सांगत होते, पाणी एकदम सोडू नको, मुळं उघडी पडतील. गवताच्या सडक्या पाती कापल्या. वाळूत बोट घालून पाहिलं तर दोन-तीन मुळं अजून पांढरी आणि कडक होती. जगतील की नाही ते सांगता येत नव्हतं. मामांच्या मते जगतील. चोपण रान धुऊन काढलं की त्याच्यात परत पीक येतं, पण घाई करायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

संध्याकाळी हे आले. दिवसभर गोगलगायींच्याच भागात फिरून आले होते, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. सकाळचं मी यांना फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. आल्यावर सांगू असं ठरवलं होतं आणि कसं सांगायचं ते ठरत नव्हतं. यांनी दारात एक चप्पल काढली, दुसरी काढायला वाकले. मी कणीक मळत होते, तिथून दार दिसतं.

‘तुझ्या कागदात मिठाचं पाणी बादलीत करा म्हनून लिवलंय,’ मामा म्हणाले. ‘मी टाकीतच केलं. चूक माझी हाय. कागद बरोबर हाय.’

हे वाकलेलेच राहिले. मग यांनी माझ्याकडे पाहिलं, हे वाक्य बाप कुणाला उद्देशून बोलला, असं विचारणाऱ्या नजरेने. मी मान खाली घातली आणि परातीत हात तसेच ठेवले. बारा वर्षं हा माणूस पावसापाण्यात गावोगाव कागद वाटत फिरतो आहे. लोक त्यात भजी बांधतात, फळ्यांवर अंथरतात, आणि यांना ते माहीत आहे. बारा वर्षांत एकानेही यांना येऊन त्यातल्या चुकीचं किंवा बरोबरचं काही सांगितलेलं नाही.

हे एका पायात चप्पल घेऊन आत आले आणि कॉटसमोर उभे राहिले.

‘वाचला तुमी, दादा?’

‘दोनदा,’ मामा म्हणाले, आणि यांना बसायला जागा व्हावी म्हणून तो अवघडलेला पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला.